लडलोच्या खड्ड्यात लेकीला न्यावं का?

रानजाई_डेन्व्हर

मंडळी, एक प्रश्न वर्षभर मनात घोळतोय. आधी जागा सांगते, मग प्रश्न.

आम्ही कॉलोरॅडोत डेन्व्हरला राहतो. इथून हायवेने दक्षिणेला तीनेक तास गेलं की ट्रिनिडाड गाव लागतं, त्याच्या जरा अलीकडे लडलोचा फाटा आहे. वस्ती अशी उरलेलीच नाही. रेल्वेचे रूळ, चार-दोन पडकी घरं, वाळकं गवत आणि कुंपणात एक दगडी स्मारक. खाणकामगार उभा आहे, त्याच्या पायाशी लेकराला घेऊन बसलेली बाई. स्मारकाशेजारीच जमिनीत एक लोखंडी दार आहे. ते उचललं की खाली पायऱ्या.

सप्टेंबर १९१३ मध्ये इथल्या दहा हजारांहून अधिक कोळसा खाणकामगारांनी संप केला. मुख्य मागणी एकच, आमच्या युनियनला मान्यता द्या. घरं कंपनीची, त्यामुळे संप सुरू होताच बायकापोरांसकट सगळ्यांना बाहेर काढलं. युनियनने माळावर जागा भाड्याने घेऊन तंबू टाकले. एकट्या लडलोच्या छावणीत सुमारे १,२०० माणसं होती आणि तो अख्खा हिवाळा त्यांनी बर्फात काढला. अधूनमधून गोळीबार व्हायचा म्हणून लोकांनी तंबूंच्या खाली खड्डे खणून ठेवले होते. २० एप्रिल १९१४ ला सकाळपासून नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या फौजेच्या, शिपायांनी मशीनगन चालवली आणि संध्याकाळी तंबू पेटले. अशाच एका खड्ड्यात चार बायका आणि अकरा मुलं लपली होती. दोन बायका आणि अकराही मुलं गेली. सगळ्यात लहान बाळ तीन महिन्यांचं होतं.

गेल्या वर्षी आम्ही तिघं गेलो होतो. मी एकटी खाली उतरले. खड्डा आता काँक्रीटने बांधून काढलाय. खाली उभं राहून वर बघितलं की आभाळाचा एक चौकोन दिसतो. त्या चौकोनातून लेक वाकून विचारत होती, "आई, काय आहे गं खाली?" मी म्हटलं, "काही नाही, रिकामं आहे." आणि वर आले. ते उत्तर अजून टोचतंय.

आता ती नऊ वर्षांची झाली. युनायटेड माइन वर्कर्स ही खाणकामगारांची युनियन तिथे दरवर्षी जूनमध्ये स्मरणाचा कार्यक्रम करते. यंदा जायचं ठरवलंय. तिला खाली न्यावं का? नेलं तर काय सांगावं? ज्यांच्या घरी खाणीचं, गिरणीचं काम होतं त्यांनी जरूर लिहा.

मुळशीचा_पाऊस

नऊ म्हणजे लहान आहे हो. अकरा मुलं गुदमरून गेली हे ऐकून रात्री झोपेल का ती? बारा-तेराची होऊ द्या. तोवर स्मारक बघू दे, फुलं वाहू दे, पुरे.

घुग्घुस_लाइन

रानजाई ताई, माझं बालपण चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसला गेलं, कोलरीच्या क्वार्टरमध्ये. आजोबा खाणीत, बाबा खाणीत. आजोबा खासगी मालकाच्या काळातले, बाबा वेकोलितले (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कंपनी). तेव्हा जमेल तसं सांगतो.

नऊ वर्षांचं पोर काय समजतं म्हणाल तर आम्हाला सातव्या वर्षी सगळं समजत होतं. लॅम्प रूममध्ये प्रत्येकाच्या दिव्याला नंबर असायचा. खाली जाताना दिवा घ्यायचा, पाळी संपली की परत टांगायचा. एखाद्या नंबरची खुंटी रिकामी राहिली तर तो माणूस अजून खालीच आहे. हे कोणी शिकवलं नव्हतं. पाळी सुटल्यावर बाबांना अर्धा तास उशीर झाला की आई मला म्हणायची, "जा, बघून ये." मी लॅम्प रूमच्या खिडकीशी जाऊन टाचा उंच करून बाबांचा नंबर शोधायचो. दिवा दिसला की पळत घरी. बाबा मागून सावकाश यायचे, चहाच्या टपरीवर थांबलेले असायचे.

आमच्या कुत्र्याची गंमत सांगतो. बाबा कामावरून आले की तो त्यांच्यावर भुंकायचा आणि आंघोळ करून बाहेर आले की शेपटी हलवत पायात घोटाळायचा. नोकरी संपेपर्यंत त्याला ते दोघं वेगळेच वाटले.

आजोबांकडे यायचं तर त्यांचं काम टबावर (कोळशाच्या छोट्या डब्यावर) होतं. जितके टब भरले तितके पैसे. टब काठोकाठ भरून वर आला तरी मुनशी म्हणायचा, "कम है." आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण भरलेला प्रत्येक टब ते करदोट्याला गाठ मारून मोजायचे. आठवड्याला गाठी आणि मुनशीची वही कधीच जुळली नाही. वहीत नेहमी दोन-तीन कमीच. बोलायला गेलं की उद्यापासून येऊ नको. जानेवारी १९७३ मध्ये सरकारने खाणी ताब्यात घेतल्या त्या दिवशी आजोबांनी पेढे वाटले होते, असं आजी सांगायची.

लडलोच्या लोकांचंही वजनाचं काही भांडण होतं का?

रानजाई_डेन्व्हर

दादा, करदोट्याच्या गाठी वाचून अंगावर काटा आला.

होतं ना! त्यांच्या सात मागण्या होत्या. त्यातली एक, टन २,००० पौंडांचा धरा, २,२०० चा नको. दुसरी, काट्यावर आमचा माणूस बसवू द्या, आम्ही निवडलेला. म्हणजे तिथेही "कम है" म्हणणारा मुनशी होताच. बाकीच्या मागण्या अशा: आठ तासांचा दिवस, खांब लावणं, रूळ टाकणं, दगड उपसणं या कामाचेही पैसे (कोळसा निघेपर्यंतचं हे सगळं काम फुकटात धरत), हवं त्या दुकानात माल घ्यायची आणि हवा तो डॉक्टर निवडायची मोकळीक, आणि कंपनीच्या बंदूकधारी पहारेकऱ्यांना हाकला. पगार बऱ्याचदा कंपनीच्या कूपनांत, ती चालायची फक्त कंपनीच्या दुकानात.

यातल्या बऱ्याच गोष्टी कॉलोरॅडोच्या कायद्यात आधीपासून होत्या. राज्याचे कायदे पाळा, अशी त्यांची एक मागणीच होती. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वर जाऊन वाचलं.

तर्कशुद्ध_पुणे

धागा चांगला आहे, पण थोडी दुसरी बाजू मांडतो. कामगारांच्या हातातही बंदुका होत्या. २० एप्रिलनंतर दहा दिवस त्यांनी खाणींवर हल्ले केले, माणसं मारली, शेवटी राष्ट्राध्यक्ष विल्सनना फौज पाठवावी लागली. मुलीला सांगायचं तर हेही सांगा.

दुसरं म्हणजे तो संप हरला. डिसेंबर १९१४ मध्ये युनियनने मागे घेतला, मान्यता मिळालीच नाही. मेलेल्यांबद्दल दुःख आहेच, पण हरलेल्या संपाचं दरवर्षी स्मरण करून साधतं काय? आपल्याकडे गिरण्यांच्या संपाने काय झालं ते आपण बघितलं. पुढच्या पिढीला यातून काय द्यायचं, हा माझा खराखुरा प्रश्न आहे, वाद घालायचा म्हणून विचारत नाही.

लालबाग_परळ

@तर्कशुद्ध, गिरण्यांचं नाव निघालंच आहे तर लिहिते. माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी नववीत होते.

सगळे म्हणतात संप पगारवाढीसाठी होता. होताच. पण आमच्या चाळीत जिन्यावर बसून माणसं बोलायची ती वेगळ्या गोष्टीवर. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन मानलेली. मालकाशी बोलणी करायची तर तिनेच. अडीच लाख कामगारांपैकी बहुतेक जण डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले, तरी कायद्याच्या लेखी त्यांचं तोंड दुसऱ्याच्याच ताब्यात. तो कायदा रद्द करा ही मागणी पगाराइतकीच मोठी होती. वडील म्हणायचे, "माझ्या वतीने कोण बोलणार हे मला ठरवू देत नाहीत, मग कितीही द्या."

आपल्या वतीने बोलणारा आपण निवडायचा हेच लडलोच्या लोकांनाही हवं होतं ना? आम्ही हरलो. वडिलांनी नंतर एका दुकानात हिशेब लिहिला, आईने खानावळीचे डबे केले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे आमच्या घरी तो संपल्याचा दिवसही नाही. संपलेल्या गोष्टीला निदान श्राद्ध असतं. आम्हाला तेही नाही मिळालं. म्हणून कुठे एखाद्या माळावर दरवर्षी माणसं जमून नावं घेतात हे वाचलं की मला बरं वाटतं, संप हरलेला असला तरी.

मुळशीचा_पाऊस

लालबाग ताई, हे वेगळा धागा काढून सविस्तर लिहा, प्लीज.

हळदीचं_पेव

मी सांगलीजवळच्या हरिपूरचा. खड्डा म्हटल्यावर मला आमची पेवं आठवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. वर तोंड अरुंद, माणूस जेमतेम शिरेल एवढं, खाली पोट मोठं. त्यात हळद ठेवायची. २००५ च्या महापुरात आमच्याकडची बरीच पेवं गेली.

सांगायचा मुद्दा असा की पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नाही. झाकण काढून वारं खेळू द्यायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर थांबायचं. लहानपणी एकदा कंदील अर्ध्यावर जाऊन भप्पकन विझलेला मी डोळ्यांनी बघितलाय. काकांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत वळ होते.

त्या खड्ड्यातल्या मुलांना आग लागली नसणार. वर तंबू पेटला आणि आगीने खालची हवा ओढून घेतली. मुलगी "कशी गेली?" असं विचारेलच. तिला कंदिलाची गोष्ट सांगा. मुलांना ती समजते, आणि भाजण्याचं चित्र डोळ्यासमोर येत नाही.

रानजाई_डेन्व्हर

बरोबर आहे तुमचं, ती मुलं गुदमरूनच गेली. त्यातून वाचलेली मेरी पेट्रूची शुद्धीवर आली तेव्हा तिची तिन्ही मुलं गेलेली होती. कंदिलाची गोष्ट लक्षात ठेवते. फार आभार.

@तर्कशुद्ध, तुमचा मुद्दा मान्य. ते दहा दिवस मी लपवणार नाही. संपभर मिळून साठहून अधिक माणसं गेली आणि ती सगळी कामगारांच्या बाजूची नव्हती. पण त्याबरोबर हेही सांगेन की त्या छावणीचा पुढारी लुई टिकास दिवसभर गोळीबार थांबवायला धडपडत होता. क्रीट बेटावरून आलेला ग्रीक, डेन्व्हरमध्ये त्याचं कॉफीचं दुकान होतं. आदल्या दिवशी ग्रीक लोकांचा ईस्टर होता, छावणीत नाच-गाणं झालं होतं. संध्याकाळी त्याला पकडलं, एका अधिकाऱ्याने डोक्यात बंदूक हाणली आणि मग पाठीत गोळ्या. प्रेत रुळांशेजारी तसंच पडून राहिलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांतल्या लोकांना दिसत होतं.

मालगाडी

रेल्वेचा विषय निघाला म्हणून मध्येच घुसतो. त्याच संध्याकाळी एक मालगाडी तिथून जात होती. गाडीवरच्या लोकांनी ती शिपाई आणि छावणी यांच्या मधोमध आणली. त्या आडोशाने कितीतरी बायकापोरं ओढ्यातून डोंगरांकडे पळू शकली. शिपायांनी बंदुका रोखून गाडी हलवायला लावली, तोवर बरेच जण निसटले होते. मी लोको पायलट होतो, तीस वर्षं नोकरी झाली. सिग्नल नसताना गाडी उभी करायची म्हणजे काय ते मला माहीत आहे. त्या माणसांचीही आठवण काढा.

घुग्घुस_लाइन

वा, काका! हे माहीत नव्हतं.

कोर्टाची_पायरी

मी नागपूरला कामगार न्यायालयात वकिली करते. "मान्यता" या शब्दावर थोडं लिहिते, कारण त्यात आपलाही इतिहास अडकलेला आहे.

आपल्याकडे १९२० मध्ये मुंबईत आयटकची, म्हणजे देशभरच्या युनियनांच्या संघटनेची, स्थापना झाली. त्यात ना. म. जोशींचा मोठा वाटा, रायगडातल्या गोरेगावचे. दुसरंच अधिवेशन १९२१ च्या अखेरीस झरियाला, कोळशाच्या खाणींच्या गावात भरलं. हजारो खाणकामगार आले आणि स्वराज्याचा ठराव झाला. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या ब्लेअर डोंगरावर सुमारे दहा हजार कोळसा कामगार युनियनसाठीच बंदुका घेऊन चालून गेले होते. गळ्यात लाल रुमाल बांधलेले.

त्या काळी इथे युनियन काढणाऱ्यावर कोर्टात दावा लावता यायचा. मद्रासच्या एका गिरणीच्या प्रकरणात तसं झालं. मग जोशींनी १९२१ मध्ये कायदेमंडळात ठराव आणला, त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. नोंदणी मिळाली, संरक्षण मिळालं, पण मालकाने त्या युनियनला मान्यता दिलीच पाहिजे असं त्यात नव्हतं. १९४३ मध्ये मजूरमंत्री असताना बाबासाहेब आंबेडकरांनी तेच बंधन घालणारं विधेयक मांडलं. त्याच वर्षी डिसेंबरात ते धनबादला गेले आणि स्वतः खाणीत उतरले. पुढच्या वर्षी कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी सुरू झाला. मान्यतेची दुरुस्ती १९४७ मध्ये मंजूर झाली, पण अमलात कधी आलीच नाही. महाराष्ट्रात राज्याचा स्वतंत्र कायदा झाला तो १९७१ चा.

@तर्कशुद्ध, "हरलेल्या संपाने साधलं काय" याला माझं उत्तर असं. लडलोनंतर तिथल्या मोठ्या खाण कंपनीचे मालक रॉकफेलर ज्युनियर यांना चौकशी आयोगापुढे उलटतपासणी द्यावी लागली. हत्याकांडाच्या दोनच आठवडे आधी त्यांनी संसदेच्या समितीपुढे ठामपणे सांगितलं होतं की युनियनला आत येऊ देणार नाही. १९१५ मध्ये त्यांनी कंपनीच्याच छत्राखाली कामगार-प्रतिनिधींची योजना आणली. मालकाने बांधून दिलेली युनियनच म्हणा. अमेरिकेतल्या १९३५ च्या कायद्याने तसल्या युनियनवर बंदी आली, आणि त्याच्या दोन वर्षं आधी, १९३३ मध्ये, त्या कंपनीत खाणकामगारांच्या युनियनला मान्यता मिळाली होती. एकोणीस वर्षं लागली. माझ्याकडे सुरक्षारक्षकांच्या मान्यतेची एक केस अकरा वर्षं चालू आहे, त्यामुळे एकोणीस हा आकडा मला ओळखीचा वाटतो.

तर्कशुद्ध_पुणे

@कोर्टाची_पायरी, हे वाचून विचार करायला लागलो. १९१४ आणि १९३३ असा सलग धागा मी कधी जोडून बघितला नव्हता. माझा "साधलं काय" हा प्रश्न मी मागे घेतो. बंदुकांबद्दलचं मत मात्र तेच आहे.

राजनांदगाव_मराठी

आमची तिसरी पिढी छत्तीसगडमध्ये. इथून जवळच दल्ली-राजहराच्या खाणी आहेत. शंकर गुहा नियोगींनी तिथे युनियन उभी केली, जून १९७७ मध्ये गोळीबारात अकरा जण गेले. दरवर्षी ३ जूनला शहीद दिन असतो. पण मला विशेष वाटतं ते हे की कामगारांनी वर्गणी काढून, स्वतः विटा वाहून १९८३ मध्ये दवाखाना उभा केला. नाव शहीद हॉस्पिटल. आजही चालू आहे. माझ्या मावशीचं बाळंतपण तिथलंच.

मुळशीचा_पाऊस

पण त्या लोखंडाच्या खाणी ना? कोळशाच्या नव्हेत.

राजनांदगाव_मराठी

हो हो, लोहखनिजाच्या. लिहायचं राहिलं. पण युनियन कोणाची मानायची हे भांडण तिथेही तेच होतं. कंत्राटी मजुरांना वाटत होतं की आधीच्या युनियन आपल्यासाठी बोलत नाहीत, म्हणून त्यांनी आपली वेगळी काढली.

घुग्घुस_लाइन

कंत्राटी म्हटलं म्हणून सांगतो, कारण हे आत्ता चालू आहे.

बाबांच्या वेळी केंद्रीय युनियन कोल इंडियाबरोबर बसून वेतन करार करायच्या, अजूनही करतात. कायम नोकरीवाल्याचं बरं आहे. पण आता खुल्या खाणींत माती आणि कोळसा उचलायचं बरंचसं काम ठेकेदाराकडे आहे. माझा भाचा एका ठेकेदाराकडे डंपर चालवतो. बारा-बारा तास. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४७ ला जाते, डंपरचा एसी बंद. गेल्या वर्षी त्यानं आणि अजून सहा-सात पोरांनी मिळून एक अर्ज लिहिला, आठ तासाची पाळी द्या आणि पीएफची पावती द्या. अर्ज दिल्याच्या तिसऱ्या दिवशी गेटपास बंद. कारण काही नाही. कायद्यात आठ तास आहेत, पीएफ आहे, सगळं आहे. ताईंनी वर लिहिलं ना, "राज्याचे कायदे पाळा"? तेच वाचून मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. भाचा म्हणे, "मामा, हे कोणत्या सालचं आहे?"

कोर्टाची_पायरी

दादा, अर्जाची प्रत आणि गेटपासच्या जुन्या नोंदी सांभाळून ठेवायला सांगा. मला संपर्कातून निरोप करा. बघू काय करता येतं.

बालवाडी_ते_चौथी

मूळ प्रश्नाकडे येते. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं.

मुलांना मरणाची भीती असते त्यापेक्षा मोठ्यांनी काहीतरी लपवल्याची जास्त. तुमच्या लेकीला "रिकामं आहे" हे उत्तर पटलेलं नाही, याची मला खात्री आहे. तिला नेताना एवढंच करा. जायच्या आधी घरी सांगा, तिथे खड्ड्याच्या तोंडाशी नको. उतरायचं की नाही ते तिला ठरवू द्या. खाली गेली तर तुम्ही पुढे, ती मागे, दार उघडं, आणि वर बाबा दिसत राहतील असं. प्रश्न येतील त्यांना खरी आणि छोटी उत्तरं. आणि एक गोष्ट अशी सांगा जी ती स्वतः करून बघू शकेल, मोजू शकेल. वजनाची सांगा. २,००० आणि २,२०० मधला फरक नऊ वर्षांच्या मुलीला नक्की कळतो. वाण्याने मापात मारलं की मुलांना फार राग येतो.

मुळशीचा_पाऊस

बाई, तुमचं वाचून माझं मत बदललं. न्या तिला.

लालबाग_परळ

+१

वीस_भाषा

वाचनमात्र होतो, एक विचारू? त्या छावणीत एवढ्या देशांची माणसं, ती एकमेकांशी बोलायची कशी?

रानजाई_डेन्व्हर

वीसहून अधिक भाषा होत्या म्हणतात. ग्रीक, इटालियन, मेक्सिकन, सर्बियन, कितीतरी. एकमेकांचं बोलणं कळू नये म्हणून कंपन्या मुद्दाम वेगवेगळ्या देशांची माणसं एकत्र ठेवत, असंही वाचलंय. मग सभेत एकाच भाषणाचे तीन-चार भाषांत तर्जुमे व्हायचे. स्मारकावरची नावं वाचली तरी कळतं. कोस्टा, वाल्डेझ, पेट्रूची, स्नायडर, टिकास.

घुग्घुस_लाइन

आमच्या लाइनीत तेलुगू, छत्तीसगडी, भोजपुरी, मराठी. भांडण हिंदीत व्हायचं आणि लग्नाचं जेवण सगळ्या भाषांत. माझं तेलुगू आजही चांगलं आहे, शेजारच्या अम्मामुळे.

रानजाई_डेन्व्हर

मंडळी, जाऊन आलो. सविस्तर लिहिते.

आधीच्या रविवारी घरी बसून तिला सगळं सांगितलं. पेवातल्या कंदिलाची गोष्ट सांगितली. मग स्वयंपाकघरातला काटा काढला आणि तांदूळ मोजले. किलोभर तांदळाचे पैसे धरायचे आणि घ्यायचे मात्र एक किलो शंभर ग्रॅम. तिने तीनदा मोजलं आणि म्हणाली, "पण ही चोरी आहे!"

तिथे ऊन कडक होतं. निवृत्त खाणकामगार बरेच, त्यांची मुलं-नातवंडं, युनियनच्या टोप्या. तिने पुतळ्याकडे बघून लगेच विचारलं की यांची डोकी वेगळ्या रंगाची का वाटतात. २००३ मध्ये कोणीतरी माणसाचं आणि बाईचं डोकं फोडून नेलं होतं. युनियनने नवी बसवून २००५ मध्ये पुन्हा कार्यक्रम केला. हे मी सांगितलं तर तिचा पुढचा प्रश्न, "सापडला का तो?" नाही म्हटलं.

खड्ड्यापाशी तिने आधी खाली वाकून हाक मारली, आवाज कसा येतो ते ऐकलं. मग म्हणाली, येते. मी पुढे, ती मागे. खाली ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि मोजायला लागली. पंधरा माणसं इथे कशी मावली असतील म्हणून तिने हात पसरून माप घेतलं. "मग त्यांना बसताच आलं नसेल." थोडा वेळ गप्प. मग विचारलं, "बाळाला कोणी घेतलं होतं?" मी म्हटलं, आईनेच घेतलं असेल. ती रडली नाही. मीच रडले, आणि तिने माझा हात धरून वर आणलं.

वर आल्यावर एक म्हातारे आजोबा भेटले. चाळीस वर्षं खाणीत होते. तिने त्यांना सरळ विचारलं, "तुमचा काटा बरोबर होता का?" आजोबा आधी हसले, मग तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "माझ्या वेळी होता. कारण काट्यावर आमचा माणूस होता."

परतीच्या वाटेवर पश्चिमेला हेस्टिंग्जचा दगड आहे, तिकडेही गेलो. १९१७ च्या एप्रिलमध्ये तिथल्या खाणीत स्फोट होऊन १२१ जण गेले. लडलोनंतर तीनच वर्षांनी. ती गाडीत झोपून गेली होती, उठवलं नाही.

लालबाग ताई, तुमच्या वडिलांसाठी तिथे एक फूल ठेवलंय. मालगाडी काका, रुळांपाशीही एक ठेवलं.

घुग्घुसकर दादा, तिने एक विचारायला सांगितलंय. तुमच्या बाबांच्या दिव्याचा नंबर काय होता?

घुग्घुस_लाइन

२१८. पितळी बिल्ला आईच्या डब्यात आहे. उद्या फोटो टाकतो, तिला दाखवा.